रिकाम्या पट्टीवरची गोळी

"दिसाला किती खायला सांगितल्या व्हत्यास मला?"

"काय किती?"

"गोळ्या, आये. गोळ्या!"

"तीन. सकाळी, दुपारी, निजताना. सात वर्षं खातेस आणि आज मला इचारतेस?"

"आणि डॉक्टरनं किती लिहून दिल्या व्हत्या?"

"हळू बोल गो. बाकड्यावर गिऱ्हाईक हाय."

"बसू दे. त्याला पण कळू दे. सगळ्या पोलादपूरला कळू दे, चंद्राबाईच्या सेजलला फिट येते म्हणून!"

चंद्राबाईच्या हातातली सांडशी सटकली. पातेलं कलंडलं, निम्मा चहा स्टोव्हवर गेला आणि टपरीभर जळका वास सुटला. बाकड्यावरचे म्हातारे गोमाजी उरलेला चहा तसाच ठेवून उठले. "येतो गो चंद्रा," एवढंच पुटपुटले आणि काठी टेकत रस्त्याला लागले. जाताना एकदा मागं वळून सेजलकडं बघितलंच त्यांनी.

पंधरा वर्षांत हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. चंद्राबाई स्वतःसुद्धा नाही. ती 'तुझं ते' म्हणायची. तुझं ते आलं नाय ना? त्याची गोळी घेतलीस ना? आणि आज पोरीनं तो भर दुपारी, हायवेच्या तोंडावर, आल्या-गेल्याच्या कानात घातला होता.

गोवा हायवेवरून महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, त्या नाक्यावर चंद्राबाईची टपरी. आंबेनळी घाट चढायच्या आधी ड्रायव्हर इथं चहा घेत, आणि घाट उतरून आले की इथंच गाड्यांचे तापलेले ब्रेक निवायला ठेवून वडापाव खात. कुणाची पार्सलं, कुणाच्या चिठ्ठ्या, कुणाचा मुंबईहून आलेला मोबाईल, सगळं तिच्या फळीवर ठेवलं जाई आणि ज्याचं त्याला पोचे. एवढ्या वर्षांत एक वस्तू हरवली नाही, म्हणून ड्रायव्हर तिला 'पोस्टमास्तरीणबाई' म्हणून चिडवायचे. तिलाही ते आवडायचं.

नवरा होता तेव्हा ती वर वाडीत राहायची. तो मुंबईत, काळबादेवीला कापडाच्या पेढीवर. पेढीच्या शेठच्या मुलीचं नाव सेजल. ते त्याला इतकं आवडलं की लेक झाल्यावर कापडाच्या तुकड्यासारखं घडी घालून तेच गावी घेऊन आला. ही सेजल तेरा वर्षांची असताना, त्र्याण्णव साली, पाणवठ्यावर हंडा भरता भरता कोसळली. डोळे पांढरे, तोंडाला फेस, हातपाय ताठ. सोबत आईखेरीज कुणी नव्हतं. चंद्राबाईनं तिच्या नाकाशी पायातली चप्पल धरली, दुसरं काही सुचलंच नाही. मग नवऱ्यानं पोरीला मुंबईला नेऊन मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं, आणि रोजच्या दोन गोळ्या सुरू झाल्या.

दोन वर्षांनी नवरा काविळीनं गेला. मुंबईच्या खोलीवरून त्याची ट्रंक आली, तिच्यात डॉक्टरचा कागद काही सापडला नाही. चंद्राबाईच्या हातात राहिली ती गोळ्यांची एक रिकामी पट्टी.

आणि तेवढी पुरे होती. या रस्त्यावर औषधाची चिठ्ठी म्हणजे रिकामी पट्टीच. मुंबईला निघालेल्या भावाकडं, दिराकडं, ड्रायव्हरकडं ती द्यायची. त्यानं ती तिकडच्या मेडिकलच्या काउंटरवर ठेवून 'हीच द्या' म्हणायचं. बीपीची, साखरेची, गुडघ्याची, सगळ्या वाडीची औषधं अशीच चालायची. पोलादपूरच्या दुकानात का नाही? कारण तिथं सकाळी गोळी घेतली की सांजच्यापर्यंत वाडीला कळतं, आणि वाडीला कळलं की पोरीचं लग्न राहिलं.

चंद्राबाईची पट्टी नेणारा ड्रायव्हर म्हणजे महाडचा जुल्फिकार. त्याचा टेम्पो दर आठवड्याला मुंबईला जायचा. गोळ्या कुणाच्या हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. एकदा त्याचा प्रश्न ओठांवर आलेला बघून तिनंच सांगून टाकलं होतं, "माझ्या रे त्या. मलाच घेरी येते." तेव्हापासून जुल्फिकार आला की आधी स्टोव्ह बघायचा. "मावशी, मागं सरकून उभी राहा."

सेजलचं लग्न दोन हजार एक साली झालं. जावई भरत, महाडच्या एमआयडीसीत ऑपरेटर. घर महाडजवळच्याच गावात, माणसं खाऊन-पिऊन सुखी. लग्नात कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. मग दर महिन्याला माहेरचा डबा सुरू झाला. स्टीलच्या डब्यात नाचणीचं पीठ, आणि पिठाच्या पोटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, महिन्याच्या गोळ्या. माहेरचा डबा लेकीनंच उघडायचा, सासूनं त्याला हात लावायचा नाही, अशी रीत. सेजलची सासू गोदूबाई रीत पाळायची, पण तोंड कोण धरणार? "विहीणबाई, आमच्या शेतात नाचणी उगवत नाय काय? का आमच्या नाचणीला गोडी नाय?"

चंद्राबाई हसून वेळ मारून न्यायची. आतून तिला अभिमान वाटायचा. सात वर्षं. सात वर्षांत पोर एकदाही पडली नाही. मांडवात नाही, बाळंतपणात नाही. देवाच्या खालोखाल आपणच हे केलं, असं तिला मनोमन वाटे, आणि ते कुणाला सांगता येत नाही याचं तेवढं दुःख.

आता ती सेजल समोर उभी होती. घाटातून धावत आल्यासारखी दमलेली. खाली बाकड्याच्या पायाशी तिची साडेपाच वर्षांची मिताली सोड्याच्या बाटल्यांची बुचं एका ओळीत मांडत होती. आई एवढी ओरडली तरी तिनं मान वर केली नव्हती; पातेलं कलंडलं तेव्हा तेवढे कान झाकले होते. मिताली दोन वर्षांची झाल्यावर चालली. अजून 'आई' म्हणत नाही. हाक मारली तर बघत नाही, आणि कपबशी वाजली तर कानांवर हात ठेवते. भगत झाला, नजर उतरवून झाली, नवस झाले. बालवाडीच्या बाईंनी शेवटी सेजलला सांगितलं, महाडला शिबिर आहे, पुण्याचे मुलांचे डॉक्टर येतात, एकदा दाखवा.

"कालच्या शिबिरात काय झालं ते सांग आधी," चंद्राबाई म्हणाली. "मग ओरड."

"सांगते. बस खाली."

"बसायचं काय त्याच्यात?"

"बस, आये."

ती बसली. सेजल उभ्यानंच बोलायला लागली. लहानपणापासून तिला सवय, दुसऱ्याचं बोलणं सांगताना ती तो माणूसच व्हायची.

"त्या डॉक्टरनं मितालीला ओढलं नाय, दामटलं नाय. तिच्यासंगती जमिनीवर बसले आणि बुचं लावत राहिले. अर्धा तास. मग मला म्हणाले, 'ताई, हिच्या वेळी दिवस गेलेले असताना कसलं औषध चालू होतं?'"

"तू काय बोललीस?"

"नाय म्हणाले. नेहमीसारखं."

"शाणी गो माझी बाय."

"थांब. मग ते म्हणाले, 'मी रागावणार नाही, कुणाला सांगणारही नाही. झोपेची, डोक्याची, फिटची, कसलीही गोळी?' सासू बाहेर मितालीच्या चपला शोधत व्हती. मला काय झालं ठाऊक नाय, मी कनवटीची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली." सेजलनं हात पुढं केला आणि तसाच हवेत ठेवला. "पट्टी उचलून माणूस असा बसला, आये. असा. मग म्हणाले, 'व्हॅल्प्रोएट, पाचशे. दिवसाला किती?' तीन. 'कुणी सांगितलं?' आईनं. 'आई डॉक्टर आहेत?'"

चंद्राबाई कसंनुसं हसली.

"म्हणाले, 'गोळी वाईट नाही. फिट थांबवते, माणूस वाचवते. पण पोटात बाळ असताना, त्यातून एवढी जास्त, तर बाळाचा मेंदू घडत असतो त्याला ती बाधू शकते. मूल उशिरा चालतं, बोलत नाही, आपल्यातच राहतं. जगभर मुलं तपासून आता हे दिसायला लागलंय.' मी इचारलं, म्हंजे मितालीचं ह्यानंच झालं? तर म्हणाले, 'एका मुलाकडं बोट दाखवून कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण शंका घ्यायला जागा आहे. मोठी जागा आहे.'"

हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मितालीनं कान झाकले. चंद्राबाई तिच्याकडं बघत राहिली. पिठात हात घालून पिशवी खोल दाबणारी आपली बोटं तिला दिसली. वरून पीठ सारखं करणारी, डब्यावर झाकण घट्ट बसवणारी. दर महिन्याला. मिताली पोटात होती त्या नऊही महिन्यांत. उलट तेव्हा तर तिनं निरोप धाडला होता, 'पोटुशी हायेस, एक दिस चुकवू नको.'

"आणखी हाय," सेजल म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "मला दिवस गेलेत. दुसरा महिना लागलाय."

चंद्राबाई ताडकन उठली. "बंद कर! आजपासून बंद! आण ती पट्टी इकडं, चुलीत घालते!"

"हात लावू नकोस!" सेजलनं कनवट मुठीत धरली. "एकदम सोडली तर एकामागून एक फिट येतील. मी तरी जाईन नायतर पोटातलं जाईल. डॉक्टरनं दहा वेळा बजावलंय. खायची तर ही भीती, सोडायची तर ती. आज सकाळी रागानं घेतली नाय, तर यष्टीत सारखं वाटत व्हतं आता पडते, मग पडते. पोर मांडीवर."

"सकाळची घेतली नायस?" चंद्राबाईनं विचारलं. आत्ता चुलीत घालायला निघालेली गोळी 'घे गो' म्हणून पोरीच्या तोंडात कोंबावीशी वाटली. काय करावं? कुठला हात पुढं करावा? तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"मोठ्या डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी दिलीय," सेजल म्हणाली. "पुण्याला. ह्याच आठवड्यात जायचं. ते हळूहळू कमी करतील, जमलं तर दुसरी देतील. आणि नवऱ्याला घेऊन जायचं. गोळी बदलताना फिट येऊ शकते, घरात ठाऊक पाहिजे. कुशीवर निजवायचं, तोंडात काय घालायचं नाय, नाकाला चप्पल लावायची नाय."

"भरतरावांना सांगायचं?"

"मग? कुणाला?"

"येडी झालीस काय? लग्नाच्या आधी लपवलं म्हणतील. उद्याच्या उद्या आणून सोडतील माझ्या दारात. फिटवाली बायको आणि वर ही मुकी..." चंद्राबाईनं जीभ चावली, पण शब्द गेला होता. सेजलनं तो ऐकला आणि खाली वाकून मितालीच्या ओळीतलं घरंगळलेलं बूच सरळ केलं. ते जास्त लागलं.

"मी येते तुझ्यासंगती पुण्याला," चंद्राबाई घाईनं म्हणाली. "माहेरी आलीस म्हणून सांगू. आई आजारी हाय म्हणू. दोघी जाऊ, गुपचूप दाखवू, गुपचूप येऊ."

"परत गुपचूप?"

"तुझ्या संसारासाठी सांगते गो."

"माझ्या घरात रोज रात्री भांडण होतं, ठाऊक हाय तुला? सासू म्हणते, पोर तुझ्या वळणावर गेली. भरत म्हणतो, माझ्या काकाला असंच व्हतं, माझ्याकडनं आलं. रडतो तो, आये. स्वतःला दोष देत बसतो, आणि मी पीठ चाळते. मला नाय जमणार आता. पण मी एकटीनं सांगितलं तर म्हणतील, सात वर्षं खोटं बोलली, आज खरं कशावरून? तू चल. माझ्या घरी, ओटीवर बसून, भरतसमोर आणि सासूसमोर सांग. लपवलं मी. गोळ्या दिल्या मी. एवढं कर."

"मी विहिणीसमोर..."

टेम्पो वळण घेऊन टपरीपुढं थांबला. दार आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग जुल्फिकारची हाक. "मावशी, स्टोव्हपासून लांब! किती वेळा सांगायचं तुला?" तो आत आला. हातात कागदाची पिशवी. "हा घे तुझा माल. अरे, सेजल! कधी आलीस? बरी हायस ना?" त्यानं पिशवी फळीवर ठेवली. पिशवीचं तोंड उघडं होतं. आतल्या चंदेरी पट्ट्या लखलखल्या.

सेजल पिशवीकडं बघत होती. "जुल्फिकारभाय, ह्या गोळ्या तुम्ही आणता?"

"मीच. तेरा वर्षं झाली असतील. तुझ्या आईला घेरी येते ना, तिच्या."

"माझ्या हायेत त्या."

जुल्फिकारचा हात पिशवीवरून हळूच मागं आला. त्यानं चंद्राबाईकडं बघितलं. तिनं मान वळवली.

"पहिल्यापासून ह्याच आणता? एवढ्या मोठ्या?"

"नाय गो. आधी बारीक व्हत्या, दोनशेच्या. मग तुझ्या लग्नाच्या टायमाला मेडिकलवाल्याकडं त्या संपलेल्या. त्यानं पाचशेची दिली. बोलला, अर्धी करून खायला सांगा, नायतर डॉक्टरला दाखवा. मी मावशीला तसंच येऊन सांगितलं. पुढं मावशीनं ह्याच मोठ्या गोळीची पट्टी दिली, म्हणून मीही हीच आणत गेलो. मला वाटलं, डॉक्टरनं वाढवली असेल." तो थांबला. "काय झालं? मावशी, काय झालं गो?"

जुल्फिकारनं खाली बुचं मांडणाऱ्या मितालीकडं बघितलं, मग सेजलकडं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "मी गाडीत बसतो," म्हणून तो बाहेर गेला, पण गाडीपर्यंत गेलाच नाही. दोन पावलांवर, पाठ करून उभा राहिला.

सेजलनं बोटं उघडली. "दोनशेच्या दोन म्हंजे चारशे. पाचशेच्या तीन म्हंजे दीड हजार." हिशेब दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं ती बोलत होती. "मला वाटत व्हतं तुला कळलंच नाय. लिहिता-वाचता येत नाय, गोळी बदलली ते आईला कुठून कळणार, असं मी रात्रभर स्वतःला समजावलं. त्यानं तुला सांगितलं व्हतं, आये? अर्धी कर म्हणून?"

सांगितलं होतं. इथंच, ह्याच फळीपाशी. हळदीला नऊ दिवस राहिले होते, आणि त्याच्या आदल्या दिवशी, दोन वर्षांत पहिल्यांदा, पोर चुलीपुढं पडली होती. चंद्राबाईनं घरी जाऊन विळीवर एक गोळी कापायला घेतलीसुद्धा. तिचा निम्मा भुगा झाला. तो भुगा बघून तिच्या मनात आलं, एवढ्याशानं काय होणार? मांडवात पडली म्हणजे? अंतरपाटापुढं, दोन्हीकडच्या माणसांत? मोठी गोळी म्हणजे मोठा गुण. अख्खीच देऊ, आणि दोनाच्या जागी तीन देऊ. लग्न झाल्यावर बघू. लग्न झालं, पोर पडली नाही, आणि बघायचं राहून गेलं. राहून गेलं की राहू दिलं, हे तिनं आजवर स्वतःलाही विचारलं नव्हतं.

तिनं फळीवरची पिशवी उचलली. एक पट्टी काढली, एक गोळी फोडली, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. गोळी आणि पेला तिनं पोरीपुढं धरला.

सेजलनं गोळीकडं बघितलं. आईच्या हाताकडं बघितलं. मग गोळी उचलून तोंडात टाकली, पाणी प्याली. गळ्यातून ती खाली उतरताना चंद्राबाईला दिसली.

"आता सांग," सेजल म्हणाली. "ऐकलं व्हतंस का नाय?"

चंद्राबाईनं स्टोव्हची हवा सोडली. ज्योत फुसफुसून विझली. खुंटीवरची स्वतःची पिशवी तिनं घेतली नाही, चपला तेवढ्या पायात सरकवल्या.

"आये, मी काय इचारतेय?"

मितालीची बुचांची ओळ दारापर्यंत गेली होती. ती मोडू नये म्हणून चंद्राबाईनं लुगडं किंचित वर धरून पाय पलीकडं टाकला. जुल्फिकार बाजूला झाला, काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. रस्त्यापलीकडं सेजलच्या सासरच्या वाटेची मिनीडोर रिक्षा भरत होती आणि तिचा ड्रायव्हर 'महाड, महाड, महाड' ओरडत होता.

"आये, कुठं चाललीस? आये!"

दोन्ही बाजूच्या गाड्या जाऊ देऊन तिनं रस्ता ओलांडला, मान वाकवून रिक्षाच्या मागच्या बाकावर चढली, आणि शेजारच्या बाईनं टोपली सरकवून दिलेल्या जागेत बसली.